पाण्याचं वय

आमच्या गावाकडच्या विहिरीत गंगेचा झरा होता. म्हणजे आजी तसं सांगायची. चैत्रात शेजारची नदी पार आटून नुसती वाळू उरायची, तरी विहिरीत दोन पुरुष पाणी असायचं. आजीला एवढा पुरावा पुरे होता. पुढे कळलं की अशी गंगेची विहीर महाराष्ट्रात गावोगाव आहे. राजापूरला तर गंगा अधूनमधून प्रकटच होते आणि लोक लांबलांबून स्नानाला जातात.

सातवी-आठवीत असताना नवीनच शिकलेल्या शास्त्राच्या जोरावर मी आजीला सुनावलं, "गंगा कुठे, आपण कुठे! हे पाणी आपल्याच नदीचं, वाळूतून झिरपून आलेलं." ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तुला काय पाण्यानं येऊन सांगितलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज वाटतं, मीसुद्धा तिच्याइतकाच अंदाजानं बोलत होतो. नदीचं पाणी विहिरीत आलं, की माळावर मुरलेला पाऊस आधी विहिरीत आणि मग नदीत गेला, हे काठावर उभं राहून दिसत नाही. नदी जमिनीला पाणी देते, तशी जमीनही नदीला देते. पाऊस थांबल्यावर दिवाळीनंतरही आपल्या ओढ्यांना जी धार असते, ती जमिनीनंच दिलेली असते. कोण कुणाला किती देतं, ते पाण्यालाच विचारायला हवं. आणि खरंच, माणसानं ते विचारलं. कसं, त्याची ही गोष्ट.

२१ जून १९५२, शनिवार. कोपनहेगनमध्ये पाऊस लागला होता. विली डान्सगार्ड नावाच्या तरुण शास्त्रज्ञानं बिअरच्या रिकाम्या बाटलीत नरसाळं खोचलं आणि बाटली घरामागच्या हिरवळीवर ठेवली. ढग सरकत होते तसतसं पाणी वेगवेगळं जमा केलं आणि नंतर प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासलं. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या साधारण पाचशे अणूंमागे एक अणू थोडा जड असतो. अशा जड-हलक्या भावंडांना आयसोटोप म्हणतात, पाठ्यपुस्तकी मराठीत समस्थानिकं. डान्सगार्डला दिसलं की हे जड अणू प्रत्येक सरीत सारखे नव्हते. जितका ढग थंड, तितके ते कमी.

म्हणजे पाणी आपलं गाव लपवू शकत नाही! ढग डोंगर चढताना जड पाणी आधी सांडून टाकतो, म्हणून हिमालयातला बर्फ 'हलका' आणि सपाटीवरचा पाऊस त्यामानानं 'जड'. १९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी जगभरच्या सुमारे चारशे नमुन्यांमधला ऑक्सिजन आणि हायड्रोजन मोजून आलेखावर मांडला, तर बहुतेक ठिपके एका सरळ रेषेत आले. तळ्यात तापून वाफ झालेलं पाणी तेवढं रेषेबाहेर सरकलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी जगभरचा पाऊस असा मोजायला सुरुवात केली. त्यात मुंबईचाही पाऊस होता.

यावरून हिशेब बांधता येतो. समजा नदीच्या पाण्याचा आकडा उणे दहा आहे, तिथल्या पावसाचा उणे पाच आणि काठावरच्या विहिरीचा उणे आठ. तर विहिरीत साठ टक्के पाणी नदीचं आणि चाळीस टक्के पावसाचं. दुधात पाणी किती, हे ओळखण्यासारखाच प्रकार.

हे झालं पाण्याच्या गावाचं. वयाची गोष्ट जरा काळी आहे. १९५२ पासून अमेरिकेनं आणि मग सोव्हिएत रशियानं हायड्रोजन बॉम्बचे स्फोट उघड्या आकाशात केले. त्यातून ट्रिटियम नावाचा किरणोत्सारी हायड्रोजन पावसात उतरला. निसर्गात तो अगदी थोडा असतो, पण १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या पावसात तो कितीतरी पटींनी वाढला. त्या वर्षी चाचणीबंदीचा करार झाला आणि प्रमाण उतरू लागलं. पण तोवरचा पाऊस जमिनीत मुरला होता. त्यानंतर ज्या विहिरीत ट्रिटियम सापडे, तिथे नवा पाऊस पोचतोय हे कळे; जिथे नाही, तिथलं पाणी बॉम्बच्याही आधीचं. सगळ्या जगावर शिंपडलेलं ते विष शास्त्रज्ञांनी घड्याळासारखं वापरलं. मात्र ते घड्याळ आता मंदावलंय. ट्रिटियम दर सव्वाबारा वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे १९६३ चं आज बत्तिसाव्या हिश्श्याएवढं उरलंय.

आपल्या देशात हा प्रश्न विचारला गेला तो एका हरवलेल्या नदीच्या पात्रात, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. शिवालिकात उगम पावणारी घग्गर आज पावसाळी नदी आहे, राजस्थानच्या वाळूत जिरून जाते. तिचं रुंद कोरडं पात्र मात्र एखाद्या मोठ्या नदीचं वाटतं. आर. डी. ओल्डहॅम या भूवैज्ञानिकानं १८८६ मध्येच त्यावर लिहिलं होतं. १९८० मध्ये यशपाल आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून हा जुना मार्ग दाखवला. हीच सरस्वती, असं म्हणणारे पुष्कळ. जैसलमेरच्या वाळवंटात, आजूबाजूला खारं पाणी असताना, अशा गाडलेल्या पात्रांवर गोडं पाणी लागतं. साहजिकच लोक म्हणाले, सरस्वती खालून अजून वाहतेय!

नव्वदच्या दशकात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ ते पाणी घेऊन आले. त्यात ट्रिटियम जवळजवळ नव्हतं. कार्बन-१४ वरून वय निघालं काही हजार वर्षं, खोलवरचं तर त्याहून कितीतरी जुनं. हिमालयातून आज तिथे पाणी येत असल्याची खूण नव्हती. म्हणजे खाली नदी वाहत नव्हती, कधीकाळचं पाणी साठून राहिलं होतं. त्यात नवी भर जवळजवळ पडत नव्हती.

ही नदी सरस्वतीच का, बारमाही होती का, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१७ च्या एका अभ्यासानं वाळूचं वय मोजून सांगितलं की सतलज ही वाट सोडून गेली त्याला निदान आठ हजार वर्षं झाली, म्हणजे हडप्पा संस्कृतीची शहरं वसण्याच्या कितीतरी आधी. २०१९ मध्ये अहमदाबाद आणि मुंबईच्या संशोधकांनी गाळातले आयसोटोप तपासून लिहिलं की साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत इथे बारमाही प्रवाह होता. भांडोत बापडे. मला अडकवून ठेवतं ते त्या पाण्याचं उत्तर. दोन्ही बाजूंना आपल्या मनासारखं ऐकायचं होतं, आणि पाणी एवढंच म्हणालं की मी जुनं आहे, मला उपसलंत तर पुन्हा येणार नाही.

असो. सांगायचं कारण वेगळंच आहे. आजीची विहीर आता होळीलाच तळाला जाते. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाचा फोन आला. बोअर चारशे फुटांवर गेलं होतं, नुसता फुफाटा येत होता. अजून दोनशे फूट जाऊ का, म्हणाला. मी त्याला जैसलमेरची गोष्ट सांगितली. आपल्या काळ्या पाषाणात खोल फटींमध्ये असलेलं पाणीही पिढ्यान्‌पिढ्यांचं असू शकतं, एकदा ओढलं की भरायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, ते सगळं खरं. पण ऊस उभा आहे आणि सोसायटीचं कर्ज आहे."

यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानं बोअर आणखी खाली नेलं. साडेपाचशे फुटांवर पाणी लागलं. नारळ फोडला, आणि मला फोनवर म्हणाला, "गंगा आली." दिवाळीत गेलो तेव्हा त्या पाण्याची ओंजळ घेतली. जरासं कोमट होतं. त्याचं वय कुणी मोजलेलं नाही आणि कुणी मोजेल असंही वाटत नाही. आजी असती तर तिला एवढंच सांगितलं असतं, की पाणी सांगतं गं, आपण विचारलं तर. ऐकल्यावर काय करायचं, ते मात्र अजून मला सुचलेलं नाही.