पेटीतला माणूस

सध्या चार माणसे फराळाला एकत्र बसली की बोलणे चकलीच्या काट्यावरून निघते आणि हां हां म्हणता विचार करणाऱ्या यंत्रावर येऊन ठेपते. घरातला तरुण म्हणतो, हे यंत्र आता वकिलाचे, डॉक्टराचे, मास्तराचे काम करील. आजोबा म्हणतात, सगळे थोतांड आहे. आणि आजी विचारते, "पण ते चुकले तर जाब कोणाला विचारायचा?" मी पेशाने शाळामास्तर आणि आवडीने कादंबरीकार, यंत्रविद्येत माझी गती बेताचीच. परंतु या तिन्ही बोलांना जुना इतिहास आहे, आणि दिवाळीच्या निवांतपणी तो वाचण्याजोगा आहे.

सन १७७० मध्ये व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्यासमोर वोल्फगांग फोन केम्पेलेन नावाच्या तिच्या एका अधिकाऱ्याने एक अजब यंत्र आणून उभे केले. लाकडाची एक मोठी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट, आणि पेटीमागे फेटा बांधलेला, तुर्की झगा ल्यालेला एक पुरुषभर पुतळा. केम्पेलेन पेटीची दारे एकामागून एक उघडी आणि आत मेणबत्ती धरून दाखवी. आत नुसती चाके आणि दाते. मग दारे लावून किल्ली दिली की पुतळा डावा हात उचलून चाल करी, आणि बहुधा जिंके!

यातली खुबी अशी की पेटीत एक कसलेला खेळाडू दडलेला असे. सरकत्या बैठकीवरून तो इकडचा तिकडे होई. जे दार उघडावे त्यामागे तो नसायचाच. मोहऱ्यांच्या बुडाशी लोहचुंबक बसवलेले होते. पटाखाली लोंबणाऱ्या लोखंडी चकत्या हलल्या की वर कोणते मोहरे उचलले गेले ते त्याला कळे. आतल्या मेणबत्तीचा धूर पुतळ्याच्या फेट्यातून बाहेर पडे, आणि तो कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून बाहेरही मेणबत्त्या लावून ठेवीत.

हे सोंग थोडेथोडके नव्हे, तब्बल चौऱ्याऐंशी वर्षे टिकले. केम्पेलेन वारल्यावर ते मेल्झेल नावाच्या कारागिराने विकत घेतले. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन त्याच्याशी खेळला. त्याने मुद्दाम खोट्या चाली केल्या तेव्हा पुतळ्याने हाताने सारा पटच उधळून दिला, अशी आख्यायिका आहे. ज्याला आपण संगणकाचा आजोबा म्हणतो तो चार्ल्स बॅबेज १८२० मध्ये लंडनला त्याच्याकडून हरला. पुढे यंत्र अमेरिकेत गेले आणि १८५४ साली फिलाडेल्फियाच्या आगीत जळून खाक झाले.

या यंत्रावर शंका घेणाऱ्यांत सर्वांत नामांकित म्हणजे कथाकार एडगर ॲलन पो. १८३६ साली त्याने एक लेख लिहून असे प्रतिपादिले की आत माणूस असलाच पाहिजे. त्याची कारणे पहा. गणितात एका पायरीतून दुसरी पायरी आपोआप निघते, म्हणून बॅबेजचे यंत्र संभवते. बुद्धिबळात पुढची चाल अशी ठरलेली नसते, म्हणून तिथे मन हवे. शिवाय हे खरे यंत्र असते तर ते कधीच हरते ना! वाचकहो, पोचा निष्कर्ष बरोबर होता, पण त्याची कारणे काळाने खोटी पाडली. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे 'डीप ब्लू' नावाच्या संगणकाने जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. पेटीत कोणी नव्हते, आणि एक डाव ते यंत्र हरलेही होते.

मग शंकेखोर मूर्ख आणि भाविक शहाणे, असे म्हणावे काय? तसेही नाही. ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्येच एका संगणकाने साठाहून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करून दाखवले. शब्दसंग्रह अवघा २५० शब्दांचा आणि व्याकरणाचे नियम फक्त ६. तेवढ्यावर पुढाऱ्यांनी ग्वाही दिली की तीनपाच वर्षांत भाषांतराचा प्रश्न निकालात निघेल. प्रत्यक्षात १९६६ मध्ये अमेरिकन सरकारने नेमलेल्या समितीने निर्वाळा दिला की यंत्राचे भाषांतर माणसाच्या भाषांतरापेक्षा सावकाश होते, अधिक चुकीचे असते आणि दुप्पट महाग पडते. पैशाचा ओघ आटला. मात्र आज खिशातल्या फोनवर मराठीचे भाषांतर क्षणार्धात होते. कधी बरे, कधी हसू आणणारे, पण होते खरे.

तात्पर्य, 'यंत्राला हे जमेल का' या प्रश्नावर पैज लावण्यात हशील नाही. होय म्हणणारे उतावळेपणाने फसतात, नाही म्हणणारे उशिरा का होईना फसतात. पण आजीचा प्रश्न निराळा आहे. तो काळाने जुना होत नाही.

तो प्रश्न ज्यांनी नेटाने मांडला ते जोसेफ वायझेनबाऊम हे स्वतः यंत्राचेच उपासक. बर्लिनमध्ये १९२३ साली जन्मलेले, हिटलरच्या राजवटीत ज्यू म्हणून १९३६ मध्ये घरच्यांसह देश सोडावा लागलेले. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेत त्यांनी 'एलायझा' नावाची संगणकी आज्ञावली रचली आणि १९६६ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती मानसवैद्याचे सोंग घेई. तुम्ही लिहावे, मी दुःखी आहे. तिने तेच शब्द फिरवून विचारावे, तुम्ही दुःखी का आहात? आत समज तिळमात्र नाही. तरीही त्यांची चिटणीस बाई तिच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात तिने साहेबांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली! आज्ञावली रचण्याचे काम महिनोन् महिने तिच्या डोळ्यांदेखत चालले होते. वायझेनबाऊम यांना याचा आनंद झाला नाही, धक्का बसला. १९७६ मध्ये त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात मुद्दा मांडला तो असा: यंत्राला काय जमेल हा प्रश्न बाजूला ठेवा, जमले तरी कोणती कामे त्याच्यावर सोपवू नयेत, ते आधी ठरवा. जिथे करुणा आणि विवेक लागतो तिथे हिशेब पुरत नाही.

ही नुसती तत्त्वज्ञानाची गोष्ट नव्हे. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठी पालकांना सरकारी भत्ता मिळतो. लबाड अर्ज हुडकण्यासाठी तिथल्या करखात्याने २०१३ पासून एक संगणकी पद्धत वापरली. ती स्वतःच शिकत जाई आणि प्रत्येक अर्जाला जोखमीचे गुण देई. अर्जदार डच नागरिक आहे की परका, हाही त्यात एक निकष होता. गुण जास्त पडले की फाईल तपासणीला जाई. परंतु ते का पडले, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळत नसे. कायदा कठोर होता आणि अधिकारी त्याहून कठोर. कागदातल्या किरकोळ चुका लबाडी ठरल्या, हजारो कुटुंबांकडून हजारो युरो परत मागण्यात आले, संसार धुळीला मिळाले. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणापायी तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

केम्पेलेनच्या पेटीत माणूस लपला होता. या पेटीच्या मागे माणसे लपली. त्या सोंगाने एक डाव गेला, या सोंगाने घरे गेली. आणि पेटीच्या आतही माणसे अजून आहेतच. २००५ साली ॲमेझॉन कंपनीने एक सेवा काढली: यंत्राला न जमणारी बारीकसारीक कामे घरबसल्या माणसांकडून, कामागणिक काही सेंट देऊन, करून घ्यायची. चित्रात मांजर आहे की कुत्रे, हे लाखो चित्रांवर अशा माणसांनीच लिहिले, तेव्हा कुठे यंत्र ओळखायला शिकले. कंपनीने सेवेला नाव दिले तेही त्या जुन्या तुर्की पुतळ्याचेच! निदान नावापुरता तरी प्रामाणिकपणा म्हणायचा.

माझ्या वर्गात उत्तरपत्रिका वाटल्या की एखादे पोर ती हातात घेऊन टेबलाशी येते आणि विचारते, "सर, इथे माझे दोन गुण का कापले?" कधीकधी वेळ नसतो, कधी त्रासही येतो. पण कारण सांगावेच लागते, आणि त्याचे म्हणणे खरे निघाले तर लाल शाईने गुण वाढवून द्यावे लागतात. ज्याने गुण कापले त्याने कारण सांगायचे, हा शाळेतला साधा रिवाज आहे. गुण उद्या यंत्राने खुशाल द्यावेत. माझी त्याला हरकत नाही. फक्त पोराने उत्तरपत्रिका घेऊन यावे असे एक टेबल, आणि त्या टेबलामागे नावागावाचा एक माणूस, एवढे शाबूत राहिले पाहिजे.