चित्रामागचं नाव

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. भाचीच्या शाळेत चित्रप्रदर्शन आहे, घरातल्या कोणीतरी मांडणीला मदत करायची आहे आणि नेमकं तिच्या ऑफिसमध्ये ऑडिट आहे. "तू जा ना रे, तुला शनिवारी काय काम असतं?" आता हिला काय सांगणार, की शनिवार हा आमच्या धंद्यात झोपेचा राखीव दिवस असतो! असो. गेलो.

तीनशेच्या वर चित्रं, दोन वर्गखोल्या, सुतळी, चिमटे आणि टेप. इंजिनिअर असल्यामुळे मी आधी एक्सेल शीट उघडली (सवय!). इयत्ता, तुकडी, नाव, कुठल्या भिंतीवर. सगळं छान चाललं होतं, पण चाळीसेक चित्रांच्या मागे नावच नव्हतं. संध्याकाळ झालेली, वॉचमनकाका किल्ल्या वाजवत उभे. मी सरळ "इयत्ता चौथी" एवढीच चिठ्ठी लावली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आजीचा हात धरून आली. एकेक चिठ्ठी वाचत अख्खी भिंत संपवली आणि शेवटी एका निनावी चित्रापाशी थांबली. "आजी, हे माझंय." आजी चष्मा सावरत म्हणाल्या, "पण यावर तुझं नाव कुठाय गं?" मी पेन काढून लगेच नाव लिहिलं खरं, पण मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की प्रॉडक्शनमध्ये बग सोडल्यावर क्लायंटनेही कधी पाहिलं नाही.

त्या रात्री मला प्रागचं पिंकास सिनेगॉग आठवलं. काही वर्षांपूर्वी जर्मनीत ऑनसाइट होतो, तेव्हा एका वीकएंडला गेलो होतो. वरच्या मजल्यावर लहान मुलांची चित्रं आहेत. घरं, फुलपाखरं, झाडं. कुठल्याही शाळेत दिसतील अशीच. आणि प्रत्येकाखाली नाव, जन्मतारीख आणि पुढे काय झालं ते.

ही चित्रं तेरेझिनची. प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरचं, अठराव्या शतकात बांधलेलं हे किल्ल्याचं गाव. १९४१ च्या नोव्हेंबरपासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. डिसेंबर १९४२ मध्ये तिथे फ्रीडल डिकर-ब्रांडेस नावाची एक चित्रकार पोचली. जन्म १८९८, व्हिएन्ना. योहानेस इटेन या शिक्षकाच्या मागोमाग ती १९१९ मध्ये वायमारच्या बाउहाउसला गेली होती. त्याआधी व्हिएन्नात फ्रांझ चिझेकच्या वर्गातही बसली होती. हा चिझेक म्हणजे १८९७ पासून मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेणारा आणि "पोरांना त्यांच्या मनासारखं काढू द्या" म्हणणारा माणूस. त्याच्या विद्यार्थ्यांची चित्रं पुढे १९२० मध्ये लंडनला प्रदर्शनात गेली आणि लोक चकित झाले. मुलांचं चित्र भिंतीवर लावण्यालायक असतं, ही आपल्याला उघड वाटणारी गोष्ट तेव्हा तशी नवीनच होती.

तेरेझिनला नेताना माणशी पन्नास किलो सामान न्यायची परवानगी होती. फ्रीडलने त्यातली बरीच जागा कागद आणि रंगांना दिली. (आपण अशा वेळी काय भरलं असतं? मी बहुतेक स्वेटर.) तिथे मुलांना शिकवायला बंदी होती, पण चित्रं आणि गाणी "फावल्या वेळातला उद्योग" म्हणून चालायची. ती मुलामुलींच्या वसतिगृहांमध्ये वर्ग घ्यायची. कागद संपला की कचेरीचे वापरलेले छापील फॉर्म आणि सामान बांधायचा कागद. अशा फॉर्मवर केलेली कोलाज आजही आहेत, त्यात मुलाच्या झाडामागून रकाने आणि ओळी दिसतात.

ती चित्रं दुरुस्त करायची नाही. मोठ्यांनी मुलांना आपल्यासारखं करायची एवढी घाई का करावी, असं तिचं म्हणणं. मात्र एका बाबतीत तिचा आग्रह असे, तो म्हणजे कागदावर स्वतःचं नाव लिहायचं. वय आणि खोलीही. जिथे माणसाला ट्रान्सपोर्टचा नंबर हीच ओळख होती, तिथे!

जुलै १९४३ मध्ये एल-४१७ या मुलांच्या इमारतीच्या तळघरात तिने या चित्रांचं प्रदर्शन मांडलं. त्याच सुमारास तिथल्या शिक्षकांसमोर मुलांच्या चित्रांवर व्याख्यानही दिलं. प्रेक्षक कोण? तिथलेच कैदी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण वर्षभरात तेरेझिनमध्ये दुसरंच एक "प्रदर्शन" झालं. २३ जून १९४४ ला रेड क्रॉसचे पाहुणे येणार म्हणून नाझींनी गाव रंगवलं, बागा केल्या आणि गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात साडेसात हजार माणसं ऑशविट्झला पाठवून दिली. पाहुणे दाखवलं तेवढं बघून परत गेले.

सप्टेंबर १९४४ मध्ये फ्रीडलचा नवरा पावेल याला तिथून हलवलं. त्याच्या मागे जाण्यासाठी तिने आपणहून पुढच्या गाडीसाठी नाव दिलं आणि ऑक्टोबरमध्ये ऑशविट्झला पोचताच ती मारली गेली. पावेल वाचला. जाण्याआधी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून तेरेझिनमध्ये ठेवलेली होती. १९४५ च्या ऑगस्टमध्ये विली ग्रोएगने त्या सुटकेस प्रागच्या ज्यू समाजाकडे नेऊन दिल्या. काढणारी बहुतेक मुलं तोवर जिवंत नव्हती.

आणि इथे ती नावं कामाला आली. कागदावरच्या पेन्सिलच्या सह्या ट्रान्सपोर्टच्या याद्यांशी जुळवता आल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं जोडायला एक की लागते, ती या पोरांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. नाहीतर ही फक्त "तेरेझिनच्या मुलांची चित्रं" राहिली असती. माझ्या "इयत्ता चौथी"सारखी.

पिंकासच्या खालच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या सुमारे ऐंशी हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. ती १९५४ ते १९५९ मध्ये लिहिली. १९६८ नंतर सिनेगॉग दुरुस्तीच्या नावाखाली बंद झालं आणि नावंही गेली. मग १९९२ ते १९९६ मध्ये ती सगळी पुन्हा, पहिल्यापासून लिहून काढली. एकेक अक्षर.

मी पुढच्या शनिवारी शाळेत परत गेलो. ताईला वाटलं, माझी तब्येत बरी नाही! वर्गशिक्षिका बाईंनी चौथीच्या वह्या काढून दिल्या आणि आम्ही दोघं चित्रातल्या पाट्यांवरचं अक्षर वह्यांशी ताडून बघत बसलो. काही चित्रं पोरांनीच ओळखली. एका मुलाने तर तीनदा दुसऱ्याचंच चित्र आपलं म्हणून सांगितलं, कारण त्यात डायनासोर होता. आता तीनच उरली आहेत. एकात पाऊस आणि रिक्षा, एकात कुठलंसं देऊळ आणि तिसऱ्यात नुसता निळा रंग, कडेला एक बोट उमटलेलं. सोमवारी बाई ती घेऊन पुन्हा वर्गात विचारणार आहेत.