अजात पिढ्यांची फिर्याद : एक तळटीप

* येथे अभिप्रेत असलेला निवाडा म्हणजे फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै १९९३ रोजी दिलेला ‘ओपोसा विरुद्ध फॅक्टोरान’ हा होय. अँतोनिओ ओपोसा या विधिज्ञाने काही अज्ञान मुलांच्या, व त्यांच्यामार्फत अद्याप न जन्मलेल्या पिढ्यांच्याही वतीने, जंगलतोडीचे सरकारी परवाने रद्द व्हावेत म्हणून गुदरलेली फिर्याद खालच्या न्यायालयाने काढून टाकली होती. परंतु न्यायमूर्ती हिलारिओ दाविदे यांनी लिहिलेल्या निवाड्याने, १९८७ च्या संविधानातील संतुलित व निरामय पर्यावरणाच्या हक्काचा आधार घेऊन, वर्तमान पिढीस भावी पिढ्यांतर्फे दाद मागता येते, आणि परवाना हा काही अनुल्लंघनीय करार नव्हे, असे निःसंदिग्धपणे ठरविले. हा दुसरा निष्कर्ष मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. कारण मक्तेदारांची कराराची ढाल अभेद्य राहिली असती, तर अजातांचा हक्क दप्तरातच पडून राहता. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २०२१ साली हवामान-कायदा अंशतः घटनाबाह्य ठरविताना निराळा मार्ग धरला : उत्सर्जन घटविण्याचा भार २०३० नंतरच्या काळावर लोटल्याने आज हयात असलेल्या तरुण फिर्यादींच्याच पुढील स्वातंत्र्याचा संकोच होतो, असे त्याचे म्हणणे होते.