बाजार आणि घर

गेल्या रमजान ईदला लाखनीला घरी गेलो होतो. शीरखुर्मा झाला, पाहुणे पांगले आणि भाचा शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मामू, तुम्ही अजून वेबसाइटवर लिहिता? तिथं येतं कोण? रील करा, नाहीतर सरळ ग्रुपवर टाका."

त्याचं काही चुकलं नव्हतं. नागपूर-रायपूर महामार्गावरच्या या गावात आज मयतीची खबर, धानाचा भाव, निकाहचं आमंत्रण, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच येतं. एखाद्या लेखकाच्या वेबसाइटचा पत्ता टाइप करून ती उघडणारा माणूस शोधावा लागेल. मग समाजमाध्यमांच्या काळात वैयक्तिक वेबसाइटला काही अर्थ उरला आहे का?

आधी माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मी मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडे बसून टिपणं काढत होतो. कोणाचं खानदान कुठून आलं, जुना बाजार कसा भरायचा, मोहरमच्या सवारीत कोणकोण सामील व्हायचं, दंडार बघायला लोक किती कोस चालत जायचे. हे सगळं मी थेट मोबाइलवरून एका समाजमाध्यमावर लिहायचो. लोक वाचायचे, खाली आपल्या आठवणी जोडायचे. पुढे माझा नंबर बदलला आणि खात्याला कुलूप लागलं. अर्ज केले, प्रत्येक वेळी यंत्राचं ठरलेलं उत्तर आलं. ज्यांच्याकडे बसून लिहिलं, त्यातले तिघे आता कब्रस्तानात आहेत. त्यांच्या तोंडची वाक्यं माझ्याकडे कुठेच नाहीत. कुलूप दुसऱ्यानं लावलं हे खरं, पण प्रत न ठेवण्याची चूक माझीच.

लिहिणाऱ्याची जागा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी 2,500 रुपयांची मदत केली होती. या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला. त्या काळी मराठी वाचकांपर्यंत पोहोचण्याचा तो मोठा रस्ता होता आणि त्याचं फाटक दुसऱ्याच्या हातात होतं. 'मूकनायक' फार काळ चाललं नाही. पण बाबासाहेबांनी 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत', 1930 मध्ये 'जनता' आणि 1956 मध्ये 'प्रबुद्ध भारत' काढलं. मधल्या काळात स्वतःचा छापखानाही उभा केला. लेखणीसोबत यंत्रही आपलं असलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरं उदाहरण आमच्यासारख्या लहान गावांना जवळचं वाटेल. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात तरवडी नावाचं खेडं आहे. सत्यशोधक चळवळीतले मुकुंदराव पाटील तिथून 'दीनमित्र' काढत. 1910 मध्ये सुरू झालेलं हे पत्र 1967 पर्यंत चाललं. पुण्या-मुंबईच्या पत्रांपुढे त्याचा वाचक थोडाच असणार. पण शेतकऱ्याचं कर्ज, भटशाही, सावकारी या विषयांवर बहुजन समाज त्या काळात काय विचार करत होता, हे आज अभ्यासायचं तर 'दीनमित्र'चे अंक उघडावे लागतात. छापला त्या दिवशी अंक किती जणांनी वाचला, यावर त्याचं मोल ठरलं नाही.

मराठी मुसलमानांनाही हा अनुभव नवा नाही. शेख महंमदांपासून आपले लोक मराठीत लिहीत आले आहेत. तरी 'मुसलमान मराठी लिहितात का?' हा प्रश्न आजही विचारला जातो. 1990 मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चळवळ उभी केली. दुसऱ्यांच्या मांडवात कोपरा मागण्यापेक्षा आपला मांडव घालावा आणि सगळ्यांना बोलवावं, हा त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो.

इंटरनेट आलं तेव्हा असा मांडव फार स्वस्त झाला. 1991 मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगासाठी खुलं केलं. 1993 मध्ये सर्न या संस्थेनं त्यावरचा हक्क सोडला. कोणीही, कोणाची परवानगी न घेता आपलं पान उभारावं, ही त्यामागची कल्पना. भारतात 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी परदेशातल्या मराठी माणसांनी 'मायबोली' थाटली.

पण फुकट जागेचा मोह तेव्हाही होताच. 'जिओसिटीज'वर लोकांनी कोट्यवधी पानं बांधली. ऑक्टोबर 2009 मध्ये मालक कंपनीनं ती बंद केली. 'ऑर्कुट'वर आमच्या पिढीच्या मैत्र्या जमल्या, ते 30 सप्टेंबर 2014 ला मिटलं. 'गुगल प्लस' 2019 मध्ये गेलं. जून 2020 मध्ये सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यातल्या पोरापोरींनी जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत दिसेनासे झाले. कारणं वेगवेगळी होती. कुठे धंदा चालेना, कुठे सरकारचा हुकूम आला. निर्णय घेताना लिहिणाऱ्याला मात्र कोणी विचारलं नाही.

म्हणजे स्वतःची वेबसाइट काढली की काम झालं? तसंही नाही. पत्त्याचं भाडं दरवर्षी भरावं लागतं. लेखक गेला, मुलांना पासवर्ड माहीत नसला, की वर्षभरात तो पत्ता दुसऱ्याचा होतो. शिवाय पंचवीस वर्षांपूर्वीच्या अनेक मराठी वेबसाइट तेव्हाच्या खास फॉन्टमध्ये होत्या. तो फॉन्ट संगणकात नसेल तर आज तिथं रोमन अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड रुळल्यावर हे दुखणं थांबलं, पण जुनं लेखन पुन्हा टाइप करायला बसलं कोण? 'दीनमित्र' टिकलं ते केवळ छापखान्यामुळे नाही. त्याचे अंक लोकांच्या घरात आणि ग्रंथालयात राहिले म्हणून टिकलं.

म्हणून मला दोन्ही गोष्टी लागतात असं वाटतं. मूळ लेखन आपल्या जागेवर असावं आणि त्याच्या प्रती दुसऱ्यांकडे असाव्यात. समाजमाध्यम हा आठवडी बाजार आहे. तिथं जायलाच हवं, माणसं तिथंच भेटतात. पण बाजार उठला की माल ठेवायला घर लागतं. आपल्याबद्दल रोज कोणी ना कोणी काहीतरी पसरवत असतं. त्याला उत्तर देणारा संदेश दोन दिवसांत खाली जातो. कोणी शोधत आलं तर दाखवायला एक कायमचा पत्ता हवा.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "रील कर, पण मूळ रेकॉर्डिंग पुसू नकोस." मग आम्ही दोघं अम्मीजवळ बसलो. तिच्या लग्नाच्या वेळचं लाखनी ती सांगत होती, तो मोबाइल धरून होता. रात्री मी ते उतरवून काढलं. एक प्रत वेबसाइटवर गेली, एक पेनड्राइव्हवर आणि एक कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवली. लाखनीच्या एखाद्या वाचनालयानं ठेवून घेतली, तर चौथीही देणार आहे.