लाखोळीच्या लंगडेपणाची कुळकथा

वैनगंगेच्या खोऱ्यातला भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या हातांनी बांधले गेलेले आणि मालगुजारी संपल्यावर सरकारी दप्तरात ‘माजी मालगुजारी’ म्हणून लागलेले शेकडो तलाव ज्या भूमीला ओलावा देतात, तिथे धान कापणीला येण्याच्या थोडे आधी, बांधीतले पाणी ओसरून चिखल मात्र शिल्लक असताना, उभ्या पिकातच लाखोळीचे बी फेकून द्यायचे, ही उतेऱ्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला नांगरट लागत नाही, खत लागत नाही, वेगळे पाणीही लागत नाही. धान घरी गेल्यावर उरलेल्या ओलीवर ही निळसर फुलांची वेल वाढते, कोवळ्या शेंड्यांची भाजी देते, जनावरांना चारा देते आणि रब्बीच्या अखेरीस डाळीची बेगमी करून जाते. साकोली, लाखनी, पवनीकडच्या घरांतून लाखोळीच्या डाळीचे वडे आजही आवडीने होतात. इतक्या अल्पसंतुष्ट पिकाच्या नावाशी अपंगत्वाची कैफियत जोडली गेली, हे त्या पिकाचे दुर्दैव. आणि ती कैफियत सर्वस्वी खोटी नाही, हे माणसाचे.

कैफियतीचे मूळ शोधायचे तर बांधी सोडून माणसाच्या पाठीच्या कण्यात शिरावे लागते. कण्याच्या मण्यांतून खाली उतरणारा मेरुरज्जू प्रौढ पुरुषात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि जाडीने करंगळीएवढाच. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मण्यापाशी तो संपतो आणि पुढे केवळ मज्जातंतूंचा झुबका उरतो. मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १ अशा मज्जातंतूंच्या एकूण ३१ जोड्या त्यातून बाहेर पडतात. आडवा छेद घेतला तर मध्यभागी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा करडा भाग दिसतो आणि त्याभोवती पांढरा. या पांढऱ्या भागातूनच वरचे हुकूम खाली आणि खालच्या वार्ता वर जातात. मेंदूच्या पृष्ठभागावरून हालचालीची आज्ञा घेऊन निघालेले बहुतेक तंतू लंबमज्जेत बाजू बदलतात, मेरुरज्जूच्या कडेच्या स्तंभातून खाली येतात, आणि त्यांतले जे पायांसाठी नेमलेले असतात त्यांना सर्वांत लांबचा पल्ला गाठावा लागतो. एवढ्या लांब तंतूचे पोषण एकाच पेशीच्या देहातून व्हायचे असते. म्हणून पेशीवर आपत्ती आली की त्याचे दूरचे टोक आधी झडू लागते.

या दोरीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची रचनाही मोठी काटकसरीची आहे. पुढच्या बाजूने एक रोहिणी, मागच्या बाजूने दोन, आणि वाटेत महारोहिणीकडून येऊन मिळणाऱ्या काही उपशाखा. त्यांतली सर्वांत मोठी, बहुधा डाव्या अंगाला छातीच्या खालच्या मण्यांपाशी शिरणारी, आल्बर्ट अ‍ॅडमकिव्हिक्झ याच्या नावाने ओळखली जाते. त्याने १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या वाहिन्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. पुढची रोहिणी बंद पडली तर पाय जातात, त्यांबरोबर वेदना आणि उष्ण-शीताची जाणीव जाते, लघवीवरचा ताबाही सुटतो. मात्र मागच्या स्तंभांना निराळे रक्त असल्यामुळे पाय कुठे आहे याचे भान राहते. लाखोळीच्या रोग्याची परीक्षा केली असता चित्र वेगळेच दिसते. त्याला टाचणी टोचलेली कळते, ऊन आणि गार कळते, बहुतेकांचा लघवीवरचा ताबाही कायम असतो. फक्त दोन्ही पाय ताठ होतात, गुडघे एकमेकांवर घासतात, टाचा जमिनीला लागत नाहीत आणि चालणे चवड्यांवर येते. रक्ताच्या वाटा अडल्या असत्या तर त्या प्रदेशातले सारेच तंतू सरसकट भरडले गेले असते. इथे मात्र आज्ञा नेणारा एकच पदर निवडून गाठलेला दिसतो. ही निवडच वैद्याला सांगते की कारण रक्तवाहिन्यांत शोधायचे नसून ताटात शोधायचे आहे.

ताटाकडे बोट दाखवणारे लोक आपल्याकडे फार पूर्वीच होऊन गेले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या वर्गात कलायखंज नावाचा विकार येतो. चालू लागताच जो थरथरतो आणि लंगडत जातो, असे त्याचे लक्षण सांगितले आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने भावप्रकाशात तर त्रिपुट म्हणजे लाखोळी हे धान्य माणसाला लंगडे-पांगळे करते असे स्पष्ट नमूद केले. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांतही सतत शेंगधान्यावर राहिलेल्या लोकांच्या पायांतले बळ गेल्याची नोंद आहे, आणि स्पेनमधल्या १८११-१२च्या दुष्काळात याच डाळीच्या पिठावर जगलेल्या माद्रिदवासीयांचे चित्र गोयाने कोरून ठेवले आहे.

आपल्याकडचा सर्वांत तपशीलवार वृत्तांत मात्र भंडाऱ्याच्या उत्तरेकडील सागर प्रांतातून येतो. १८२९पासून तिथे गारपिटीने आणि तांबेऱ्याने गहू-हरभरा लागोपाठ बुडाला. वाचली ती एकटी लाखोळी, आणि रयत तिच्यावर राहिली. १८३३च्या सुमारास तरणीताठी माणसे एकाएकी कमरेखाली पांगळी होऊ लागली, आणि एकदा पाय गेला की तो परत आला नाही, असे इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनने १८४४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. पुढे नेपल्सच्या अर्नाल्दो कांतानीने १८७३ साली या रोगाला लॅथिरिझम हे नाव दिले. मध्य हिंदुस्थानात रोग्यांची प्रत काठ्यांवरून ठरवण्याची पद्धत पडली: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि सर्वांत शेवटी हातांवर सरपटणारा. वैद्यकाच्या पुस्तकांनीही ती तशीच स्वीकारली.

दुसऱ्या महायुद्धात याच रोगाने आपले खरे कुळ उघड केले, असे मला वाटते. रुमानियाच्या ताब्यातील व्हाप्नियार्का येथील छावणीत ज्यू बंद्यांना १९४२-४३च्या हिवाळ्यात मुख्यतः जनावरांची ही डाळच खायला दिली गेली. शेकड्यांनी माणसे पांगळी होऊ लागली, आणि स्वतः बंदी असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखून दाखवले. तिथे गारपीट नव्हती, तांबेरा नव्हता. होती ती फक्त दुसऱ्या काही खाण्याची मनाई. दुष्काळी सागरातली रयत आणि कुंपणाआडचे बंदी यांना एकाच पंक्तीला बसवणारी गोष्ट उपासमार होती. लाखोळी हे तिचे हत्यार होते.

हत्याराची धार कळली ती १९६४ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. राव, अडिगा आणि सर्मा या संशोधकांनी बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे काढले, ज्याला संक्षेपाने ओडॅप म्हणतात. मज्जापेशींना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटशी त्याचे इतके साम्य आहे की पेशी त्याला आपलेच समजून प्रतिसाद देतात. अतिउत्तेजित झालेली पेशी थकते आणि शेवटी मरते. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीचा आणि तोही सलग काही महिने, असा योग आला की धोका उभा राहतो. भात, भाजी आणि दुसऱ्या डाळीबरोबर अधूनमधून लाखोळी खाणाऱ्या भंडाऱ्याच्या घरांत पांगळ्यांच्या रांगा का लागल्या नाहीत, याचे उत्तर या प्रमाणातच आहे.

सरकारने १९६१ साली भेसळ प्रतिबंधक नियमांखाली विक्रीला मनाई केली. पेरणीला केली नाही. त्यामुळे बांधी हिरवी राहिली, बाजार मात्र चोरटा झाला, आणि ही स्वस्त डाळ तुरीत व बेसनात मिसळली जाऊ लागली. जे धान्य उघडपणे, ओळखून आणि बेताने खाता आले असते ते न ओळखता पोटात जाऊ लागले. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या मनाईविरुद्ध उपोषणांसह दीर्घ लढा दिला, आणि पुढे महाराष्ट्राने ती उठवली. दरम्यान दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून ‘रतन’ आणि रायपूरहून ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे कमी ओडॅपचे वाण निघाले. तरीही वाणावर सर्व भार टाकून चालत नाही, कारण ओडॅपचे प्रमाण जमिनीतल्या जस्ताच्या कमतरतेने आणि पाण्याच्या ताणाने वाढते, आणि मधमाश्या शेजारच्या बांधीतला पराग आणून जुन्या-नव्या वाणांचा संकर घडवतात. घरचा उपाय अधिक भरवशाचा: ओडॅप पाण्यात विरघळते, म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचे, पुन्हा ताज्या पाण्यात शिजवायचे आणि वरचे पाणी आमटीला वापरायचे नाही.