उपाशी हृदय

माण नदीकाठचा सांगोला तालुका अवर्षणासाठी ओळखला जातो. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील हजारो माणसे सरकारी कामांवर खडी फोडायला गेली. मजुराला रोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी याला विरोध केला. इतक्या अन्नावर शरीर किती काळ तग धरील, हा वादाचा मुद्दा होता. मद्रासचे डॉ. पोर्टर यांनी दुष्काळबळींच्या अवयवांची वजने नोंदवून ठेवली व ती १८८९ मध्ये प्रसिद्ध केली.

याच काळात, १८७३ साली, लंडनच्या सर विल्यम गल यांनी घरात अन्न असूनही न जेवणाऱ्या मुलींचे वर्णन केले. या आजाराला त्यांनी ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. अंग थंड, नाडी मंद; मात्र नेमाने खाऊ घातल्यावर मुली सुधारल्या.

पद्धतशीर मोजमाप झाले ते अमेरिकेत. १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे पावपट घटले. विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला ५५ वरून ३५ पर्यंत उतरली आणि क्ष-किरण चित्रांत हृदय लहान झालेले दिसले. पोट भरू लागल्यावर ते हळूहळू सावरले.

असे का होते? हृदय हाही स्नायूच. इंधन कमी पडले की शरीर दंडा-मांड्यांबरोबर हृदयाचाही स्नायू झिजवते आणि खर्च वाचवण्यासाठी ठोके कमी करते. धावपटूची नाडीही मंद असते. पण त्याचे हृदय बळकट असते, उपाशी हृदय दुबळे. उलट्या करणाऱ्या रुग्णात पोटॅशियम घटून ठोक्यांची लय बिघडू शकते.

उपचाराने हे बदल बहुतांशी भरून येतात. मात्र फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणे घातक ठरते. रक्तातील फॉस्फेट वेगाने पेशींत शिरते आणि हृदय अडचणीत येते. म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवतात.

प्रार्थनेच्या वेळी चक्कर येणारी, डबा टाळणारी, झपाट्याने वाळत चाललेली मुलगी वर्गात दिसली, तर तिला रागावू नये आणि ‘बारीक झालीस’ म्हणून कौतुकही करू नये. घरी फाके पडत असोत की मनाने अन्न नाकारले असो, हृदयाची झीज तीच. पालकांना विश्वासात घेऊन तिला डॉक्टरांकडे पाठवावे.