विमानवाहू जहाजावरील लढाऊ विमान : रचना आणि खर्चाचा पेच

विमानवाहू जहाजावरून उड्डाण करून त्याच जहाजावर परत उतरणारे लढाऊ विमान म्हणजे हवाई दलाच्या विमानाची केवळ सागरी आवृत्ती नव्हे. दोन्ही दलांसाठी एकच विमान बनवून पैसा वाचवण्याचा प्रयत्न अमेरिकेने अनेकदा केला. परंतु ती बचत बहुधा कागदावरच राहिली.

रचनेच्या अटी

निमित्झ वर्गातील जहाजाची लांबी सुमारे ३३३ मीटर असली, तरी उड्डाणासाठी आणि उतरण्यासाठी तिचा थोडाच भाग उपलब्ध असतो. कॅटापल्ट विमानाला अवघ्या दोन-तीन सेकंदांत ताशी सुमारे २५० किलोमीटरचा वेग देतो. उतरताना विमानाच्या शेपटीखालील हुक डेकवरील पोलादी दोरात अडकतो आणि विमान सुमारे १०० मीटरमध्ये थांबते. वैमानिक विमान अलगद टेकवत नाही. ते ठरावीक कोनात थेट डेकवर आदळते. हा आघात सोसण्यासाठी चाकांची यंत्रणा आणि सांगाडा अधिक मजबूत करावा लागतो. कमी वेगातही हवेत स्थिर राहण्यासाठी पंख मोठे हवेत. मोठे पंख जहाजावर मावत नाहीत, म्हणून ते दुमडावे लागतात. खाऱ्या हवेतील गंजापासून संरक्षण निराळेच. यातील बहुतेक उपायांनी वजन वाढते आणि त्या प्रमाणात इंधन, शस्त्रे किंवा पल्ला कमी होतो.

अमेरिकेचा अनुभव

संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६१ मध्ये हवाई दल आणि नौदल यांच्यासाठी सामायिक विमानाचा आग्रह धरला. त्यातून आलेले एफ-१११बी हे नौदलाचे विमान फार जड ठरले. १९६८ मध्ये काँग्रेसने निधी नाकारला आणि एकूण अवघी सात विमाने तयार झाली. त्याच्या जागी नौदलासाठीच आखलेल्या एफ-१४ टॉमकॅटने डिसेंबर १९७० मध्ये पहिले उड्डाण केले.

त्यानंतरचे ए-१२ हे विमान मुख्यतः नौदलासाठी होते. तरीही वाढते वजन, लांबलेले वेळापत्रक आणि फुगलेला खर्च यांमुळे ७ जानेवारी १९९१ रोजी संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी ते रद्द केले. एकही विमान उडाले नव्हते. त्यावरील न्यायालयीन वाद २०१४ पर्यंत चालला.

एफ-३५ च्या तीन आवृत्त्यांत बहुतांश भाग समान असतील, अशी अपेक्षा होती. हे प्रमाण २० ते २५ टक्क्यांवर आल्याचे २०१६ मध्ये प्रकल्पप्रमुख लेफ्टनंट जनरल ख्रिस्तोफर बोगडन यांनी सांगितले. नौदलाच्या एफ-३५सी चे पंख हवाई दलाच्या आवृत्तीपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे ४५ टक्के मोठे आहेत. रडारपासून लपण्यासाठी त्याचा हुक विमानाच्या पोटात ठेवावा लागला, त्यामुळे हुक आणि मुख्य चाके यांतील अंतर फार कमी झाले. चाकांखाली दबलेला दोर पुन्हा वर उचलला जाण्यापूर्वीच हुक तेथे पोहोचू लागला आणि २०११ च्या चाचण्यांत दोर पकडू शकला नाही. हुकची रचना बदलल्यावर ३ नोव्हेंबर २०१४ रोजी विमान प्रथम यूएसएस निमित्झवर उतरले. प्राथमिक सेवासज्जता मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाली.

उलट दिशेचा प्रवास सुकर ठरला आहे. नौदलासाठी जन्मलेले एफ-४ फँटम अमेरिकी हवाई दलानेही स्वीकारले. नौदलाचे एफ/ए-१८ ऑस्ट्रेलिया, कॅनडा, स्पेन आणि फिनलंड यांच्या हवाई दलांनी वापरले.

भारतासाठी अर्थ

भारताच्या तेजसची नौदल आवृत्ती हवाई दलाच्या रचनेवरूनच घडली. २०१६ मध्ये नौदलाने ती जड असल्याचे सांगून नाकारली. तरीही गोव्यातील आयएनएस हंसा तळावर सप्टेंबर २०१९ मध्ये तिने दोर पकडून उतरण्याची चाचणी पार केली आणि ११ जानेवारी २०२० रोजी ती आयएनएस विक्रमादित्यवर उतरली. सेवेत न आलेल्या या विमानाने अभियंत्यांना जहाजावर उतरण्याचे तंत्र शिकवले.

एप्रिल २०२५ मध्ये भारताने सुमारे ६३ हजार कोटी रुपयांत २६ राफेल-एम विमाने घेण्याचा करार केला. राफेलच्या आखणीत फ्रान्सने आरंभापासूनच जहाजाच्या अटी धरल्या होत्या. नौदलासाठी आखल्या जात असलेल्या दोन इंजिनांच्या स्वदेशी विमानाचीही सुरुवात डेकपासूनच होत आहे. आरंभी महाग वाटणारा हा मार्ग अखेरीस स्वस्त ठरण्याची शक्यता अधिक, असे अमेरिकेचा अनुभव सुचवतो.